लग्नाआधीचं क्रियापद

जयश्रीने मोबाइल कॉफीच्या दोन पितळी पेल्यांच्या मधोमध ठेवला, आवाज वाढवला आणि कृष्णरावांना म्हणाली, की एवढा एकच शब्द अडलाय, ऐका. मोबाइलमधून एक बाई बोलू लागली. आवाज जरा घोगरा, पण आरामशीर. मागे कुठेतरी पीठ वाटायचं यंत्र घरघरत होतं.

"घाई असली कीं आमची अम्मा म्हणे, आज कावळन्हाण पुरे. देव कांहीं वास घ्यायला येत नाहीं."

कृष्णरावांनी पेला खाली ठेवला. तो खालच्या पसरट वाटीत, डबऱ्यात, न बसता डबऱ्याच्या काठावर बसला आणि कलंडला.

कावळन्हाण म्हणजे काय, हे त्यांनी टेबल पुसता पुसता सांगितलं. कावळा करतो तशी आंघोळ. दोन तांबे डोक्यावर, बाकी अंग कोरडं. शब्द मुळात तमिळ लोकांचा, तो आमच्या बायकांनी उचलून मराठी केला. जयश्रीने सगळं लिहून घेतलं. देवाने वास घ्यायला न येण्याचं वाक्य मात्र अख्ख्या कुंभकोणमात एकाच घरात बोललं जाई, आणि तेही एकाच माणसाच्या आंघोळीबद्दल, हे त्यांनी सांगितलं नाही. ती आंघोळ त्यांची स्वतःची होती.

"कोणाच्या घरच्या असतील या?" जयश्रीने विचारलं. "नाव कीर्ति सांगतात. आडनाव विचारलं की हसतात. मी अजून पाहिलेलं नाही त्यांना. तीन दिवस फोनवरच बोलणं झालं. नंबर पंकजाआत्यांनी दिला."

कृष्णरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. त्यांची धाकटी बहीण पंकजा सांडलेल्या कॉफीच्या बदली दुसरी कॉफी घेऊन आधीच तिथे उभी होती.

"तिरुनागेश्वरमला देवळापाशीं इडली विकत्ये," पंकजा म्हणाली. "नांव विचारलें. कूळ विचारीपर्यंत इडली निवली असती."

पंकजा गेली सहा वर्षं दर आदित्यवारी राहुकाळात तिरुनागेश्वरमच्या राहूला जात असे. तिच्या पत्रिकेत राहू अत्यंत सभ्य जागी बसलेला होता. ही विसंगती कृष्णरावांना आजवर खटकली नव्हती.

"मज ठाऊक नाहीं," ते जयश्रीला म्हणाले.

ठाऊक नव्हतं असं नाही. कीर्ति हे त्यांच्या एकुलत्या एका अपत्याने स्वतःसाठी घेतलेलं नाव होतं. त्याआधी एक पाळण्यातलं नाव होतं, मुलग्याचं. पण जिला ते दिलं होतं तिने ते एकोणिसाव्या वर्षी परत केलं, तेव्हा ते इथे सांगायचं कारण नाही. त्या गोष्टीलाही आता सहा वर्षं झाली. कुणी चौकशी केली तर कृष्णराव म्हणत, "आमचें लेकरूं सिंगापुरांत असतें." ते सिंगापूर खोटं होतं, पण व्याकरण खोटं नव्हतं. मुलगा म्हणायचं नाही आणि मुलगी म्हणायचं नाही, म्हणून त्यांनी मराठीतलं तिसरं लिंग गाठलं होतं. पंचवीस वर्षांच्या अपत्याला लेकरू म्हणणारा बाप किती मायाळू, असं ऐकणाऱ्यांना वाटे.

कृष्णरावांनी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते कुंभकोणम महाराष्ट्र बांधव सभेचे अध्यक्ष झाले. तंजावरच्या मराठी राजांबरोबर साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घरांची ही सभा. सभासद चौदा, त्यांतले घरची मराठी धड बोलणारे सहा, आणि ते सहाही जण एकाच वेळी बोलणारे. पुण्याच्या एका विद्यापीठातून जयश्री ही बोली नोंदवायला आली, तेव्हा पुरुषांनी तिला दोन आठवडे श्वास घेऊ दिला नाही. प्रत्येकाने आपल्या पूर्वजाचा घोडा वर्णन करून सांगितला. अडचण बायकांची होती. मोबाइल पुढे ठेवला की त्या तमिळ बोलत. पंकजाला विचारलं तर ती म्हणाली, भाषा अण्णाकडे असत्ये, मजकडे स्वैपाक असतो. आणि तिने तो नंबर दिला.

त्या एका नंबरातून जयश्रीला तीन तासांची अशी मराठी मिळाली होती, की तिच्या प्राध्यापकांनी पुण्याहून फोन करून ती बाई खरी आहे ना, असं विचारलं. सासुरवाडीच्या शिव्या, पोरांना निजवायचे हुंकार, ताक फुटलं तर म्हणायचं वाक्य, ते फुटू नये म्हणून आधी म्हणायचं वाक्य. कृष्णरावांची पत्नी शिवकामी चार वर्षांपूर्वी गेली. आपल्याबरोबर ती हे सगळं घेऊन गेली, असा त्यांचा समज होता.

निघताना जयश्रीने पिशवी खांद्याला लावली, चपलांत पाय घातले आणि म्हणाली,

"येतो, काका."

"येते," कृष्णराव म्हणाले. हे त्यांच्या तोंडून आपोआप होई. चूक कानावर पडली आणि त्यांनी ती जाऊ दिली, असं चौतीस वर्षांत झालं नव्हतं.

जयश्री हसली. दिवसभर दमलं की सुटतंच तोंडातून, ती म्हणाली. ती मूळची कोल्हापूरकडची. तिकडे पोरी मी आलो, मी गेलो असंच म्हणतात. पुण्यात गेल्यावर वर्गातल्या मुली हसल्या, म्हणून ती आले-गेले शिकली. माहेरी उतरली की पुन्हा आलो-गेलो.

कृष्णरावांनी दाराची कडी हातात धरून ठेवली होती.

"घरीं कोणी कांहीं म्हणत नाहीं?"

"काय म्हणायचं त्यात?"

"वडील?"

"वडील म्हणतात, आलास काय, जेव." एवढं बोलून ती एकदम थांबली. पाय चपलेत असतानाच तिने पिशवीतून कागद काढले. याच्याबद्दलच विचारायचं राहिलं होतं, म्हणाली. या कीर्तिबाई लहानपणच्या गोष्टी सांगताना स्वतःला पुल्लिंगी लावतात. मी सात वर्षांचा होतों, मी शाळेंतून आलों. आणि आत्ताचं सांगताना चक्क, मी पहाटे उठत्यें, पीठ वाटत्यें. आधी तिला वाटलं, आमच्या कोल्हापूरसारखंच काहीतरी असेल. पण मधे रेघ ओढल्यासारखी दिसते, एकोणिसाव्या वर्षी.

"तेव्हा काय झालं ते मी विचारलं त्यांना. लग्न झालं म्हणाल्या. चैत्री पौर्णिमेला लग्न, आणि दुसऱ्या दिवशी नवरा गेला. ताली, म्हणजे मंगळसूत्र, तोडली, बांगड्या फोडल्या." जयश्रीचा आवाज खाली आला. "हे सांगताना हसत होत्या हो काका."

कुणाही तमिळ माणसाला त्या लग्नाचा अर्थ कळला असता. चैत्री पौर्णिमेला कूवागमच्या देवळात शेकडो तिरुनंगै, म्हणजे मुलगा म्हणून जन्मलेल्या बायका, देवाशी लग्न लावतात आणि दुसऱ्या दिवशी तो बळी गेला म्हणून पांढरं नेसून त्याच्यासाठी रडतात. पुण्याच्या मुलीला ते कळायचं कारण नव्हतं.

"म्हणजे तुमच्याकडे अशी चाल असणार," जयश्री म्हणाली. "लग्नाआधी मुलीने पुल्लिंगी बोलायचं आणि लग्न झालं की स्त्रीलिंगी. कुठेच नोंदलेलं नाही हे. होती का तशी चाल? तुम्ही सांगाल ते मी धरते."

एकच शब्द बोलायचा होता. होती म्हटलं तर सिंगापूर जागच्या जागी राहणार होतं. नाही म्हटलं, तर मग ही बाई कोण, हा पुढचा प्रश्न दारातच उभा होता.

"होती," कृष्णराव म्हणाले. "अशी चाल होती."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. पंकजाच्या हातून कधी भांडं पडत नसे.

सभेत एखादी चाल जुनी ठरायला साधारण चाळीस मिनिटं लागतात. बुधवारच्या बैठकीत सेक्रेटरी अप्पाजींना ही चाल कळली, आणि कॉफी येण्याच्या आत त्यांना आपली आजी अशीच बोलत असे हे आठवलं. वास्तविक अप्पाजींच्या जन्माआधी आजी वारली होती. कॉफीनंतर असं निघालं, की लग्नात अक्षता पडल्यावर सासू सुनेच्या कानात हळूच "त्यें" म्हणत असे आणि तिथून मुलीचं क्रियापद बदलत असे. कानाला हळद लावायची की कुंकू, यावर थोडे मतभेद झाले. शेवटी येत्या आदित्यवारच्या वार्षिक मेळाव्यात हा विधी करून दाखवायचं ठरलं. चेन्नईत संगणकावर काम करणारी अप्पाजींची नात जननी हिला नवरी व्हायला फोन गेला. असा विधी अख्ख्या महाराष्ट्रात नाही, असं अप्पाजी म्हणाले. तेवढं खरं होतं.

अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. कृष्णरावांनी प्रकृतीचं कारण सांगितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाने फळ्यावरची त्यांची चूक दाखवली होती, तेव्हा त्या अशा तापल्या होत्या. चौतीस वर्षांत एकदाच.

घरी येताना सहा वर्षांपूर्वीची सकाळ त्यांच्याबरोबर चालत आली. बोलून सगळं झालं होतं, पिशवी दारात होती. घरातून निघताना जातों म्हणायचं नाही, येतों म्हणायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. लेकराने उंबऱ्यापाशी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "येत्यें, अप्पा." आणि त्यांच्या तोंडून आपोआप गेलं, "येतों. येतों म्हण." त्यांना रागवायचं नव्हतं. ते चूक दुरुस्त करत होते. तमिळमध्ये निरोप घेतला असता तर कसली अडचण नव्हती. तमिळमध्ये "मी" म्हणणाऱ्याला कुणी बाई की पुरुष विचारत नाही. इंग्रजीतही नाही. या घरात येत असलेल्या तीन भाषांपैकी दोन भाषांनी त्या पोरीला मुकाट्याने जाऊ दिलं असतं. फक्त मराठीने दारात अडवलं, आणि मराठीचे अध्यक्ष तेव्हा उंबऱ्यातच उभे होते. दोन्हींतलं काही न म्हणता ती गेली.

पुढे शिवकामी वारली तेव्हा कुणाकुणाला कळवायचं, याची यादी त्यांनी स्वतः केली. यादीत एक नाव नव्हतं, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

जयश्रीने तीन तासांचं सगळं बोलणं कागदावर उतरवलं होतं आणि आवाजाशी ताडून बघायला कृष्णरावांकडे दिलं होतं. गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी कानाला इअरफोन लावला, लाल पेन्सिलीला टोक केलं आणि बसले. पंकजा पलीकडे भिंतीला टेकून वाती वळत होती.

पहिल्या तासात नियम बरोबर चालला. मी सात वर्षांचा होतों, अप्पांनीं मज शाळेंत घातलें. अप्पा पाढे विचारीत, मी भिंतीला टेकून उभा राहत होतों. पुल्लिंग, पुल्लिंग. खोटं बोलून का होईना, आपण बरोबर होतो, अशी एक विचित्र भावना त्यांना होत होती.

मग एक वाक्य आलं. मी सहा वर्षांची होत्यें, अम्माजवळ बसून कढीलिंब निवडीत होत्यें.

त्यांनी ते तीनदा ऐकलं. सहाव्या वर्षी स्त्रीलिंग. बोलण्याच्या ओघात चूक झाली असेल, म्हणून त्यांनी लाल गोल काढला. पुढच्या पानावर तशाच दोन चुका होत्या. अम्मानें मज उखळाशीं बसविलें, मी गात होत्यें. अम्मा वेणी घालीत असे, मी आरसा धरून बसत होत्यें. वेणी कुणाची, हे वाक्यात नव्हतं. शिवकामीच्या केसांना तेव्हाही वेणी घालण्याजोगं काही उरलं नव्हतं, हे मात्र त्यांना आठवत होतं.

दुसऱ्या तासात नियम उलट्या बाजूनेही मोडला. हे अलीकडचं होतं, दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे लग्नाच्या रेघेच्या कितीतरी अलीकडचं. कुंभकोणमला केळीचीं पानें घ्यायला गेल्यें. गर्दी होती. पानें बांधून घेतलीं तों समोर अप्पा. मी खांबाआड उभा राहिलों.

गेल्यें. उभा राहिलों.

कृष्णरावांनी पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग ते पानं उलटसुलट चाळू लागले. वर्ग तपासताना एका चुकीमागे तीस मुलांची एकच चूक सापडावी, तसं झालं. वय काहीही असो, लग्न काहीही असो. शेवटच्या तासातल्या एका वाक्याने तर काही शिल्लकच ठेवलं नाही. मी अम्माला म्हणत होत्यें कीं मजपण मोगरा माळ, इतक्यांत अप्पा आले, मी उठलों.

बसली होती ती मुलगी. उठला तो मुलगा. मधे फक्त ते स्वतः दारातून आत आले होते.

त्यांनी कानातला इअरफोन काढला. पंकजाच्या वातींचा ढीग झाला होता; एवढ्या वाती वर्षभरात लागल्या नसत्या.

"शिवकामीला ठाऊक होतें?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"स्वैपाकघरांत." पुढचा शब्द त्यांना सुचेना. "तिथें ती तशी बोले?"

पंकजाने वात मांडीवर वळली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, की तिथें अवघेंच तसें बोलत. वैनी बोले, मी बोलें, ती बोले. तू आलास कीं आम्ही आवरून घेत असूं.

हे सांगताना तिने मान वर केली नाही. कृष्णरावांना ती उपकाराची गोष्ट वाटली. या घरात दोन मराठी भाषा होत्या आणि सभेच्या अध्यक्षांना त्यांतली एकच येत होती. दुसरी त्यांच्या पावलांची चाहूल लागली की पदर सारखा करून उठून उभी राहत होती. वीस वर्षं.

शुक्रवारी जयश्री आली तेव्हा त्यांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, की तो नियम चुकलेला आहे. लग्नाचा संबंध नाहीं. चालही नाहीं, कधीं नव्हती. मी खोटें सांगितलें.

जयश्रीने लाल गोल काढलेली पानं पाहिली. ती हुशार मुलगी होती; चौथ्या पानाशी तिचं बोट सावकाश झालं आणि सातव्या पानाशी थांबलं.

"वडील," ती म्हणाली.

"होय."

"वाक्यात वडील आले की बदलतं." तिने आणखी एक पान उलटलं. "पण का? कोण आहेत हे वडील?"

कृष्णरावांनी उत्तर तयार करून ठेवलं होतं. त्याला सुरुवात, मध्य आणि शेवट होता, आणि शिवकामीच्या आजारपणाचा एक उल्लेखही होता. ते सगळं बाजूला राहिलं.

"मी," ते म्हणाले.

बाकीचं पंकजाने स्वयंपाकघरातून सांगितलं, अधूनमधून, फोडणीच्या आवाजातून. जयश्री बराच वेळ कागद नीट एकावर एक लावत बसली. शेवटी तिने विचारलं, की मग टीप काय लिहायची? कृष्णरावांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून दिला. तिने तो वाचला आणि त्यांच्या हातात परत ठेवला.

"हे त्यांना विचारल्याशिवाय छापता येणार नाही. ज्याचं बोलणं, त्याची परवानगी." आणि मग, नजर वळवून, "मी फोन करणार नाही, काका."

अप्पाजींनाही कळवणं भाग होतं. कृष्णरावांनी फोनवर चाल मागे घेतली. अप्पाजी म्हणाले, की अध्यक्षांनी खुशाल मागे घ्यावी, पण त्यांची आजी आता कशी मागे घेता येईल? शिवाय जननी चेन्नईहून गाडीत बसली होती. मग अप्पाजींनी आवाज उतरवून विचारलं, की झालें तरी काय? कृष्णरावांनी तेही सांगितलं. मग अप्पाजी म्हणाले, मेळाव्याला प्रकृतीचें कारण सांगा हो, तेंच बेश. आणि फोन ठेवला.

पंकजा म्हणाली, आज शुक्रवार, राहूचें काम आदित्यवारीं असतें, तेव्हां मजबरोबर चल. कृष्णराव थांबले नाहीत. शनिवारी दुपारी ते एकटेच तिरुनागेश्वरमच्या बसमध्ये चढले. सकाळी त्यांनी आंघोळ जरा जास्तच केली होती.

देवळाच्या दक्षिणेच्या रस्त्याला पत्र्याचं छप्पर, चार बाकं आणि मागे चुलीपुढे पडदा, एवढंच दुकान होतं. लांबूनच त्यांना ती दिसली. पिवळी साडी कमरेला खोचलेली, केसांत अबोलीचा गजरा, हातात सांबाराची बादली. खांद्यापासून मनगटापर्यंत हात शिवकामीचा होता. हे ते गेली सहा वर्षं पाहू शकले असते. बसला वीस मिनिटं लागतात.

तिनेही त्यांना पाहिलं. बादली क्षणभर हिंदकळली. बाकांवर पाचसहा यात्रेकरू होते, शिवाय कुंभकोणमचे दोघे, त्यांतला एक कृष्णरावांचा जुना विद्यार्थी निघाला आणि अर्धवट उठला.

"वांगो, सार," ती तमिळमध्ये म्हणाली. या सर, बसा. अर्धं गाव त्यांना सारच म्हणे. कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. जुना विद्यार्थी पुन्हा इडलीकडे वळला.

कृष्णराव कडेच्या बाकावर बसले. त्यांना वाचवण्यात आलं होतं. किती सफाईने, किती सवयीने, हे कळायला त्यांना इडली पानावर पडेपर्यंत वेळ लागला. बादली दुकानातल्या दुसऱ्या बाईच्या हातात गेली होती. तिचं नाव सूर्या. ती त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत होती, की हिला सगळं ठाऊक आहे आणि तरीही ती चटणी वाढते आहे, हे स्पष्ट होतं.

गर्दी सरली. कीर्ति हात पुसत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. बसली नाही. कृष्णरावांनी खिशातला कागद काढून बाकावर ठेवला. त्यांनी बोलायचं म्हणून घोकलेलं मराठी एकाएकी फार जुनं वाटू लागलं.

"पुस्तकांत छापायचें आहे. तुज विचारल्यावांचून नाहीं छापणार."

तिने कागद उचलला. अक्षर त्यांचं, तिच्या ओळखीचं, फळ्यावरचं. त्यावर लिहिलं होतं: वक्त्री स्वतःविषयी बोलताना सर्वत्र स्त्रीलिंगी क्रियापद योजते. वाक्यात तिचे वडील आले असता मात्र पुल्लिंगी योजते. याचा वयाशी अथवा विवाहाशी संबंध नाही. वडिलांचे नाव कृष्णराव.

तिने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा भराभर, दुसऱ्यांदा बोट ठेवून.

"असें बोलतों मी?"

बोट कागदावर होतं तिथेच राहिलं. शब्द दोघांनीही ऐकला. पडद्यामागे इडलीच्या भांड्याचं झाकण वाफेने टकटक करत होतं.

कृष्णरावांच्या जिभेवर दुरुस्ती आली. चौतीस वर्षांच्या सवयीने आली, दातांपर्यंत आली. या खेपेला ती बरोबर होती, खात्रीची, सभेपुढे सिद्ध करता येण्याजोगी. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि दुरुस्ती पाण्याबरोबर गिळली.

कीर्तीने कागदाची घडी केली. होती तशीच, त्याच रेघांवरून.

"छापा," ती म्हणाली. "अम्माचें नांवही घाला. पहिलें घाला."

त्यांनी मान हलवली. ती कागद परत देऊन पडद्याकडे वळली. तिथे सूर्या झाकण उचलत होती आणि वाफेचा लोट बाहेर येत होता. यात्रेकरूंची दुसरी गाडी देवळापाशी थांबली होती, माणसं उतरून चपला काढत होती, आता लगेच गर्दी होणार होती. कृष्णराव उठून उभे राहिले. क्षमा मागावी असं त्यांना फार वाटत होतं, पण कशाकशाची मागायची, याची यादी त्यांनी अजून केली नव्हती. त्यांच्या मनात असलेलं सर्वांत साधं वाक्य पुढे आलं, आणि त्यातलं क्रियापद उच्चारण्याआधी ते अडखळले नाहीत.

"तूं जेवलीस कीं?"

पडद्यावर ठेवलेला तिचा हात तसाच राहिला. ती वळली नाही. सूर्याने आतून तिच्याकडे पाहिलं, मग झाकण हळूच, आवाज न करता, खाली ठेवलं.

"अझून नाहीं," कीर्ति म्हणाली.